डावा पाय आणि चिखल

जूनच्या मध्यावर सह्याद्रीत पाऊस स्थिरावला की घाटमाथ्यावरच्या कच्च्या रस्त्यांचे रूप महिन्याभरात पार पालटते. ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या पाण्याने भरतात, त्यांच्या तळाशी राड साचते आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडीसुद्धा तिथे पोटावर बसते. अशा वाटेला लागलेला माणूस गाडीची काळजी करतो ती बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची. खाली दगड लागेल का, बंपर सुटेल का, दाराला ओरखडा पडेल का. खर्चाचा मोठा आकडा मात्र बहुतेक वेळा आत तयार होत असतो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेच्या आकाराच्या बंद कोठडीत. तिथे क्लच प्लेट असते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत खोल चिखलातून जाताना सगळ्यात आधी जपायची ती ही प्लेट. टायर, हवा, फोर लो, विंच, दोरखंड असे जे जे उपाय सांगितले जातात, ते क्लचवरचा भार किती उतरवतात याच मापाने तोलले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे अनेक चालकांना उलटे वाटेल, कारण चिखल म्हटला की सगळा विचार टायरवर येऊन थांबतो. म्हणून ते पायरीपायरीने मांडतो.

आधी चिखलाकडे पाहू, कारण चिखल सगळीकडे एकाच जातीचा नसतो. देशावरची काळी माती ही दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि हेच पाणी उन्हाळ्यात निघून गेले की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती टायरच्या खाचांत बसते ती सुटत नाही. दोन-तीन फेऱ्यांत खाचा बुजतात आणि महागडा मड टायर बैलगाडीच्या धावेसारखा गुळगुळीत होतो. कोकण-गोव्यातली तांबडी माती जांभ्याची. तिच्यात फुगणारे खनिज फार कमी, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी वर बोटभर निसरडा थर आणि खाली टणक जांभा असा प्रकार असतो. तिसरी जात भातखाचराची. चिखलणी करताना शेतकरी मातीची घडण मुद्दाम मोडतो, म्हणजे खाली पाणी धरून ठेवणारा घट्ट थर तयार होतो आणि वर ढोपरभर लोण्यासारखा चिखल राहतो. तिथे ट्रॅक्टरलासुद्धा लोखंडी केज व्हील चढवावे लागते. खाचर ही कुणाच्या तरी वर्षभराच्या भाताची जागा आहे. बांध फोडून त्यात गाडी घालण्याला कसलेही कारण पुरेसे नाही, त्यामुळे खाचराचा विषय इथेच थांबवतो.

या जाती वेगवेगळ्या वागतात, पण खोल चिखलात चाकाला होणारा विरोध मात्र सगळीकडेच कितीतरी पटींनी वाढतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी नुसती पुढे ढकलत ठेवायला तिच्या वजनाच्या दीड-दोन टक्के जोर पुरतो. अठराशे किलोच्या गाडीला हा जोर तीसेक किलोचा, म्हणजे एक माणूस सपाटीवर ती ढकलू शकतो. चाक अर्धे रुतेल अशा चिखलात हेच प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तीसेक किलोचे साडेपाचशे किलो होतात, आणि तेही सपाटीवर. चढ असेल तर त्याचा भार वेगळा. रस्त्यावर गाडी एकदा हलली की जडत्वावर सरकत राहते. चिखलात ती सोय नाही. जोर क्षणभर तुटला की गाडी तिथेच थांबते, आणि थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हणजे क्लचवर नवे ओझे. चिखल क्लचच्या वाट्याला येतो तो या मार्गाने.

आता त्या कोठडीत काय होते ते पाहू. इंजिनाला जोडलेले जड फ्लायव्हील फिरत असते. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल पूर्ण सोडलेले असेल तर तिन्ही एकजीव फिरतात, घर्षण होत नाही आणि उष्णताही नाही. पेडल पूर्ण दाबलेले असेल तर प्लेट मोकळी, तेव्हाही उष्णता नाही. संकट असते ते या दोन्हींच्या मधल्या जागेत, ज्याला सगळे चालक हाफ क्लच म्हणतात. इंजिन फिरते आहे, चाक रुतलेले आहे, आणि वेगातली सगळी तफावत प्लेट घासून सोसते आहे. हिशोब साधा आहे. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल, गिअरबॉक्सचा दांडा जागच्या जागी असेल आणि क्लचमधून १०० न्यूटन-मीटर टॉर्क जात असेल, तर दर सेकंदाला साधारण २१ किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे २१ किलोवॅट. न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा एक गीझर बादली तापवतो; तसे दहा गीझर एका परातीएवढ्या जागेत एकदम चालू केल्यासारखे हे आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून पंधरा किलो बीड धरले तर ते दर सेकंदाला सुमारे तीन अंशांनी तापते. आधीच ऐंशी अंशांवर असलेली ही जोडी मिनिटभराच्या हाफ क्लचमध्ये अडीचशेच्या पलीकडे पोचते. हीसुद्धा सरासरी झाली. प्रत्यक्ष घासणारा पृष्ठभाग याहून पुष्कळ गरम असतो.

क्लच प्लेटच्या अस्तरात तंतू आणि ते बांधून ठेवणारी राळ असते. तापमान फार वर गेले की ही राळ जळू लागते, आणि गाडीत पसरणारा तो ओळखीचा करपट वास तिचाच. अस्तराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, मग तो पूर्वीइतका जोर पेलत नाही, म्हणून अधिक घसरतो, म्हणून अधिक तापतो. फ्लायव्हीलवर निळसर डाग उठतात, त्या जागी धातू कडक होतो आणि पुढे साध्या रस्त्यावरही गाडी सुटताना थरथरू लागते. यात वाईट गोष्ट अशी की ही कोठडी जवळजवळ बंद असते. ब्रेकच्या डिस्कला धावत्या गाडीचा वारा लागतो, इंजिनाला पाणी आणि रेडिएटर असतो. कोरड्या क्लचला थंड करायला काहीच नाही. मिनिटभरात साठलेली उष्णता निघायला अर्धा तास लागू शकतो. चिखलात अडकलेला चालक मात्र दर अर्ध्या मिनिटाने नवा प्रयत्न करतो, आणि आधीच्या प्रयत्नाची उष्णता पुढच्यात मिसळत जाते. करपट वास आला की त्या दिवसाचे पुढचे वीस-तीस मिनिटांचे काम ठरले: गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय खाली, इंजिन चालू असले तरी चालेल, आणि गाडीला हात लावायचा नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. चिखलात बहुतेक वेळा चाके जागच्या जागी गरगर फिरतात. चाक फिरते आहे म्हणजे क्लच पूर्ण बसलेला आहे, मग तो तापेल कसा? हे खरे आहे. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाने क्लच जळत नाही. त्याने दुसरी हानी होते, तिच्याकडे पुढे येतो. पण गरगरण्याआधी आणि नंतर काय होते तेही पाहावे. चाक फिरू लागले की चालक दचकून पेडल दाबतो, मग रेस वाढवून अर्धवट सोडतो, पुन्हा दाबतो. मागे-पुढे झुलवून गाडी काढण्याच्या खटपटीत मिनिटाला सात-आठ वेळा क्लच लागतो आणि सुटतो. शिवाय चाक खोल रुतले, खाचांत काळी माती घट्ट बसली आणि अॅक्सलचा डिफरन्शियल (डिफ) मातीत टेकला की चाक फिरतही नाही. तेव्हा घसरायला क्लच सोडून दुसरे काही उरत नाही. शहराच्या रहदारीत लागलेली डाव्या पायाची सवय इथे महाग पडते. सिग्नलला उड्डाणपुलाच्या चढावर हाफ क्लचवर गाडी तोलणारा चालक चिखलातही तेच करतो, फक्त तिथे भार कितीतरी जास्त असतो.

यावरचा खरा उपाय कारखान्यातूनच गाडीत बसवलेला असतो, आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो. ट्रान्स्फर केसचा लहान दांडा किंवा बटण, ज्यावर फोर लो लिहिलेले असते. महिंद्र थारमध्ये हा जास्तीचा गिअर ताकद सुमारे अडीचपट करतो, मारुतीच्या जिमनीत दुप्पट. फोर्स गुरखालाही तशीच सोय आहे. बहुतेक लोक फोर लोकडे ‘जास्त ताकद’ म्हणून पाहतात आणि ताकद पुरते आहे तोवर फोर हायमध्येच राहतात. क्लचच्या बाजूने पाहिले की चित्र बदलते. चाकाला तेवढाच जोर द्यायला क्लचमधून जाणारा टॉर्क अडीचपट कमी लागतो. आणि क्लच पूर्ण बसण्यासाठी गाडीला जो वेग गाठावा लागतो तोही अडीचपट कमी, म्हणून घसरण्याचा वेळही तेवढाच कमी. दोन्हींचा गुणाकार केला की सुटतानाची उष्णता सुमारे सहापट घटते. हा फरक इतका मोठा आहे की याच्या जवळपास जाणारी दुसरी कोणतीही दुरुस्ती किंवा जोडणी मला माहीत नाही. पहिल्या गिअरला फोर लोमध्ये इंजिन नुसते आयडलिंगवर असताना गाडी ताशी तीन-चार किलोमीटरने, माणसाच्या सावकाश चालीने, सरकते. पेडल सोडले की क्लच जवळजवळ लगेच बसतो आणि डावा पाय मोकळा होतो.

हा दांडा चिखलात शिरण्याआधी टाकायचा असतो. फोर लो लागण्यासाठी बहुतेक गाड्यांत गाडी थांबवावी लागते किंवा जेमतेम रांगत ठेवावी लागते आणि गिअर न्यूट्रलला आणावा लागतो. अडकल्यावर हे करायला गेलात तर एकदा थांबणे आणि एकदा नव्याने सुटणे फुकट वाढते. आत शिरताना दुसरा गिअर बहुतेक ठिकाणी योग्य, फार खोल नसेल तर तिसरा. पहिल्या गिअरला चाकावर इतकी ताकद येते की पकड सुटून चाक गरगरू लागते. एकदा शिरलात की पलीकडे निघेपर्यंत गिअर बदलायचा नाही, कारण बदलण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात चिखल गाडीला थांबवतो. डावा पाय पेडलच्या वर नको, बाजूला जमिनीवर हवा. वेग कमी-जास्त करायचा तो उजव्या पायाने. आणि इंजिन बंद पडू लागले तर पडू द्यावे. गाडी बंद पडणे ही नामुष्की आहे असे शिकाऊ दिवसांपासून मनावर ठसलेले असते, म्हणून हात-पाय आपोआप रेस आणि हाफ क्लचकडे वळतात. चिखलात बंद पडलेल्या इंजिनाचे काही बिघडत नाही. ते वाचवण्यासाठी घासलेल्या क्लचचे बिघडते.

पण चिखलात वेग हवाच, असे सांगणारे अनुभवी चालक पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे सरसकट चुकीचे नाही. पन्नास-साठ फुटांचा, तळ माहीत असलेला पट्टा असेल तर थोडी गती घेऊन, पाय न हलवता पलीकडे जाणे हे क्लचच्या दृष्टीनेही उत्तमच, कारण मध्ये थांबणे टळते. गती आणि घिसाडघाई यांत फरक करायला हवा. गती म्हणजे चिखलात शिरतानाच असलेला, चाक गरगरणार नाही एवढा वेग. घिसाडघाई म्हणजे रुतल्यावर रेस वाढवत जाणे. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. एक चाक लोण्यात असेल तर दुसऱ्यालाही लोण्याएवढाच टॉर्क मिळतो आणि मोकळे चाक दुप्पट वेगाने फिरते. आतले लहान गिअर अशा वेगासाठी बनवलेले नसतात. त्यात ते वेडे चाक खाली दडलेल्या दगडाला किंवा मुळाला एकदम चिकटले की फिरण्याचा सगळा जोर एका क्षणात अडतो आणि अॅक्सलचा दांडा किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो. क्लच वाचवण्यासाठी चाके गरगरवली तर मोडतोड एक पायरी मागे सरकते एवढेच. गुरखाला पुढे-मागे डिफ लॉक आहेत, इतर काही गाड्यांत मागे आपोआप लागणारी व्यवस्था असते. हाताने लावायचे लॉक चिखलात शिरण्याआधी लावले तर ही गरगर पुष्कळ कमी होते. तळ माहीत नसेल तर खाली उतरून काठी घालून बघावे. कपडे खराब होतील, पण गाडीचा तळ कुठे टेकणार हे आधी कळेल.

टायरमधली हवा हा दुसरा स्वस्त उपाय. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो आतल्या हवेच्या दाबाच्या जवळपास असतो. तीस पीएसआयवरून वीसवर आणले की जमिनीला टेकणारा भाग सुमारे दीडपट होतो, मुख्यतः लांबीने, आणि चाक कमी रुतते. कमी रुतणे म्हणजे कमी विरोध, म्हणजे क्लचला कमी काम. पंधराच्या खाली मात्र टायर रिमवरून सुटण्याची भीती असते, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत हवा. तांबड्या मातीच्या पातळ थरावर, जिथे खाली टणक जांभा आहे, तिथे हा उपाय कमी लागतो. तिथे अरुंद टायर थर कापून तळाला भिडतो आणि उलट बरा चालतो. मोठे टायर चढवले की सगळे सुटते ही समजूत मात्र खोडून काढली पाहिजे. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला की प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी उंच होतो. सुटताना क्लचला तेवढा जास्त टॉर्क सोसावा लागतो आणि वर जड चाक फिरवावे लागते. गाडी दिसायला रांगडी होते, आणि तिचा सगळ्यात नाजूक भाग आणखी नाजूक होतो.

मग ऑटोमॅटिकच का घेऊ नये, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे की या एका बाबतीत टॉर्क कन्व्हर्टर असलेली गाडी सरस आहे. तिच्यात घसरण तेलात होते आणि ते तेल थंड करण्याची सोय असते. पण मॅन्युअल गाडीला तिची बाजू आहे. उतारावर फोर लोच्या पहिल्या गिअरला ती ब्रेक न लावता रांगत उतरते, आणि क्लच खरेच गेला तर तालुक्याच्या गावातला मेकॅनिक दिवसभरात प्लेट बदलून देऊ शकतो. शिवाय लोकांकडे जी गाडी आहे तीच जपायची असते. हेवी क्लच बसवणे हे उत्तर अर्धेच आहे. तो उशिरा घसरतो, पण पेडल जड होते आणि जो जोर क्लचने घसरून सोडून दिला असता तो आता गिअरबॉक्स आणि अॅक्सलवर जातो.

इतके करूनही गाडी रुतते. तेव्हा किती प्रयत्न करावेत याला एक चांगले माप आहे, आणि ते अमेरिकन लष्कराच्या वाहने ओढून काढण्याविषयीच्या पुस्तिकांत मिळते. चाकांपर्यंत रुतलेले वाहन काढायला साधारण त्याच्या वजनाएवढा जोर धरावा, मडगार्डपर्यंत रुतले तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. म्हणजे चाके बुडालेल्या आपल्या अठराशे किलोच्या गाडीला अठराशे किलोंची ओढ हवी. तळाशी पकडच नाही अशा चाकांनी गाडी स्वतःच्या जोरावर एवढी ओढ देणे जवळजवळ अशक्य. हे एकदा पटले की तिसरा-चौथा प्रयत्न करण्यात अर्थ नाही हे आपसूक कळते. दोन प्रयत्न पुरे. त्यानंतर फावडे हातात घ्यावे, डिफच्या खालची आणि चाकांपुढची माती काढावी, चाकांखाली फळ्या, दगड किंवा फांद्या द्याव्यात, आणि शक्यतो आलो त्याच वाटेने मागे निघावे, कारण तिथली माती आधीच दाबलेली असते. जॅक लावायचा तर त्याच्या खाली रुंद फळी हवी, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेतल्या गाड्यांवर विंच का असते याचे उत्तर इथेच आहे. विंचच्या तारेने ओढलेला प्रत्येक फूट क्लचला फुकट मिळतो. विंच नसेल तर गावातला ट्रॅक्टर बोलवावा. ओढताना दोर चॅसिसच्या हुकालाच लावावा, ट्रेलरच्या गोल बॉलला कधीही नाही. तो तुटून उडाल्याने माणसे दगावली आहेत. ताणलेल्या दोराच्या आसपास कुणी उभे राहू नये.

चिखलासोबत पाणी असते, आणि तिथे डाव्या पायाचे आणखी एक काम आहे. क्लचच्या कोठडीला खाली एक भोक असते, गळणारे तेल बाहेर पडावे म्हणून. खोल पाण्यात त्याच भोकातून गढूळ पाणी आत येते. लँडरोव्हरच्या जुन्या सीरीज आणि डिफेंडर गाड्यांत हे भोक बुजवण्यासाठी स्क्रूचा वेडिंग प्लग मिळायचा. पाण्यात जाण्याआधी बसवायचा आणि नंतर आठवणीने काढायचा. आपल्या गाड्यांत अशी सोय सहसा नसते, म्हणून पाणी ओलांडताना क्लच दाबू नये. पेडल दाबले की प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यात फट पडते आणि गाळ नेमका तिथे जाऊन बसतो. पाणी किती खोल चालेल हे कंपनी सांगते: थारसाठी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर. हे आकडे शांत पाण्याचे आणि हळू वेगाचे आहेत. वाहत्या ओढ्यात ते धरून चालू नये. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च क्लचच्या कितीतरी पट असतो.

घरी परतल्यावरची धुलाई हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि त्यासाठी सोमवारची वाट पाहू नये, कारण काळी माती वाळली की विटेसारखी होते. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. सर्व्हिस सेंटरमधला जोराचा फवारा पुढून मारला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि माती आणखी आत जाते. मागचे ब्रेक ड्रमचे असतील तर ड्रम उघडून लायनरमधला गाळ काढावा, नाहीतर दर ब्रेकला ड्रमवर रेघा पडतात. रिमच्या आत चिकटलेला चिखल तसाच राहिला तर हायवेवर स्टिअरिंग थरथरते आणि लोक विनाकारण अलाइनमेंट करून घेतात. चॅसिसच्या पोकळ दांड्यांची भोके मोकळी आहेत का पाहावे, गंज आतून लागतो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरावे, रबराचे बूट फाटलेत का ते बोटाने चाचपून पाहावे.

आणि एक तपासणी नक्की करा. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. बाहेरून काहीही दिसत नाही, आवाज येत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग जाते. गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवून सकाळी पुढच्या आणि मागच्या डिफचा, तसेच ट्रान्स्फर केसचा भरण्याचा प्लग सोडा आणि बोट घालून तेल पाहा. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर गाडी पुन्हा चालवण्याआधी तेल बदला.